साहेब, करंट वीक आहे

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून गाडी उभी केली की थोड्याच वेळात तिच्याभोवती तज्ज्ञांचं मंडळ जमतं. एक जण सायकल स्टँडला लावून येतो, एक जण पिशवीतली मेथी सांभाळत येतो, एक जण नुसताच येतो. पहिला विचारतो, "पेट्रोल आहे ना?" त्यावर मालक जरा ताठ आवाजात "कालच टाकलंय" असं सांगतो. मग दुसरा वाकतो, दोन वायरी हलवून बघतो आणि निदान जाहीर करतो, "करंट येत नाहीये." या निदानाला कुणी विरोध केलेला मी तरी पाहिला नाही. कार्बोरेटरचं नाव काढलं की वाद होतो, फ्युएल पंप म्हटलं की दोन गट पडतात, पण करंट म्हटलं की सगळे माना डोलावतात. करंट कुणालाच दिसत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणालाच कमीपणा वाटून घ्यावा लागत नाही.

गाडी बंद पडली तर करंट येत नाही आणि गाडी चालते पण पेट्रोल पिते, तर करंट वीक आहे. दुसरं निदान जास्त खर्चाचं. ज्यांच्या घरी प्रीमियर पद्मिनी होती त्यांना या निदानाचा सोहळा आठवत असेल. मेस्त्री एक प्लग काढायचा, त्याची टोपी पुन्हा लावून तो इंजिनावर आडवा ठेवायचा आणि आत बसलेल्या मालकाला सांगायचा, "साहेब, स्टार्टर मारा." स्टार्टर घरघरायचा, प्लगच्या टोकाला ठिणगी पडायची, आणि ती सगळ्यांना दिसायची, फक्त मालकाला नाही. कारण तो बिचारा उघड्या बॉनेटच्या पत्र्याआड किल्ली धरून बसलेला. बाहेर मात्र ठिणगीच्या रंगावर चर्चा सुरू. निळी पडली पाहिजे, ही पिवळी आहे. छे, तांबूस आहे. उन्हात काय रंग कळणार, सावलीत घ्या. शेवटी मेस्त्री निकाल द्यायचा, "साहेब, करंट वीक आहे," आणि साहेब आतूनच "बरं, बदला" म्हणायचे.

काय बदला, हे विचारायची पद्धत नव्हती. मेस्त्री 'डेल्को'चं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण उघडायचा, पॉइंट पॉलिश पेपरनं घासायचा, कंडेन्सर उगीच ओढून बघायचा आणि गॅप लावायचा. गॅप लावायचं फिलर गेज मी एका गॅरेजमध्ये पाहिलं आहे, ते भिंतीवर देवांच्या फोटोशेजारी टांगलेलं होतं. प्रत्यक्ष गॅप करवतीच्या तुटक्या पात्यानं लावला जायचा. गंमत म्हणजे गाडी त्यानंतर खरोखर बरी चालायची. अर्धा मिलिमीटरसुद्धा नसलेली ती फट बरोबर लागली की चार सिलिंडरांचं भांडण मिटायचं.

या सगळ्या प्रकरणाचा मूळ पुरुष चार्ल्स केटरिंग. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या डेटन गावचा. आधी तो दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं करणाऱ्या कंपनीत होता आणि हातानं फिरवायच्या गल्ल्याला त्यानं विजेची मोटर बसवली होती. मग १९०९ साली त्यानं भागीदारीत डेल्को कंपनी काढली, कॅडिलॅक गाड्यांना बॅटरीवरचं इग्निशन दिलं आणि १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर. त्याची मूळ युक्ती इतकी साधी की ती पुढे साठ-सत्तर वर्षं कुणाला फारशी बदलावीशी वाटली नाही. बॅटरीचा तीन-चार अँपिअरचा प्रवाह कॉइलमधून सोडायचा आणि ऐन वेळी तो पॉइंटनं तटकन तोडायचा. तोडला की कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात वीसेक हजार व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगच्या फटीतून उडी मारतो. सहा किंवा बारा व्होल्टमधून वीस हजार. ही वाढ आपल्याकडे फक्त लग्नाच्या हॉलच्या बिलात बघायला मिळते.

आता हिशेब बघा. चार सिलिंडरांचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. म्हणजे पद्मिनीतला तो नखाएवढा पॉइंट कात्रजचा घाट चढताना सेकंदाला शंभर वेळा उघडत होता आणि मिटत होता, तेही ठरलेल्या क्षणाला, कारण पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. आग पसरायला वेळ लागतो. उशिरा पडली तर ताकद सायलेन्सरमधून जाते, फार लवकर पडली तर इंजिन 'नॉकिंग' करतं. या नॉकिंगचा दोष सुरुवातीला लोकांनी केटरिंगच्या इग्निशनलाच दिला. त्याला ते इतकं लागलं की त्यानं आपल्या माणसांना कारण शोधायला बसवलं. त्यातून १९२१ साली थॉमस मिजलीनं पेट्रोलमध्ये शिसं मिसळायची युक्ती काढली. इंजिनाची ठकठक थांबली आणि जगभरच्या रस्त्यांवर शिसं उडायला लागलं. आपल्या पंपांवरून ते पूर्णपणे गेलं २००० साली. इग्निशनमध्ये सुधारणा करायला निघालेला माणूस कुठे जाऊन पोचेल याचा नेम नसतो, हे तिथपासूनच ठरलेलं आहे.

खरं तर त्याच्याही आधीपासून. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ नावाची बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, नवऱ्यानंच बनवलेल्या तीनचाकी गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. शंभरेक किलोमीटर. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली, आणि इग्निशनच्या वायरीचं आवरण गेलं तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. लांबच्या प्रवासात इग्निशनमध्ये केलेला हा पहिला फेरबदल. तो यशस्वी झाला, त्याला एक पैसाही लागला नाही आणि बाईंनी त्यानंतर "ॲव्हरेज वाढलं" असा दावाही केला नाही. या तिन्ही बाबतींत पुढच्या मंडळींनी त्यांचा कित्ता गिरवला नाही.

पुढच्या मंडळींचे प्रतिनिधी आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यातून निवृत्त झालेले हे काका पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, नातेवाइकांकडे जावं तितक्या आपुलकीनं जातात. पद्मिनीचं फायरिंग ऑर्डर, एक-तीन-चार-दोन, हे ते अंघोळ करताना पुटपुटत असत असं काकू सांगतात. त्यांच्याकडे एक वही आहे. पद्मिनी घेतल्या दिवसापासून पेट्रोलचा प्रत्येक थेंब तिच्यात नोंदलेला आहे. तारीख, किलोमीटर, लिटर, ॲव्हरेज, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. शेऱ्यात 'घाट', 'समोरून वारा', 'सासुरवाडीची मंडळी (४), सामानासह' अशी कारणं लिहिलेली असतात. ॲव्हरेज चांगलं आलं तर मात्र शेरा नसतो. चांगल्याला कारण लागत नाही.

काकांची पहिली मोठी सुधारणा होती ट्रान्झिस्टर इग्निशन. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगभर सगळ्यांनाच पेट्रोल वाचवायची घाई झाली होती, आणि हौशी लोकांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकांत असल्या सर्किटांचा सुकाळ होता. काकांनी तपकीर गल्लीतून २एन३०५५ नावाचा जाडजूड ट्रान्झिस्टर आणला आणि सर्किट जोडलं. ट्रान्झिस्टर तापतो, त्याला ॲल्युमिनियमचा आधार लागतो. तो कुठून आणला हे काकूंना दुसऱ्या दिवशी डबा भरायच्या वेळी कळलं. काकांच्या जेवणाच्या डब्याचा खालचा पुडा बॅटरीशेजारी स्क्रूनं बसवलेला होता.

इथे न्यायबुद्धीनं एक गोष्ट सांगायला हवी. ते सर्किट चांगलं होतं. त्यामुळे तीन-चार अँपिअरचा भार ट्रान्झिस्टरवर जायचा, पॉइंटला फक्त इशारा करायचं काम उरायचं, पॉइंट जळायचे नाहीत आणि लावलेला गॅप महिनोन्‌महिने तसाच राहायचा. पुढे कंपन्यांनी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणलं ते याच कारणानं. पण "मेस्त्रीकडे कमी वेळा जावं लागतं" हे यश काकांच्या लेखी यशच नव्हतं. त्यांनी वही उघडून मला आकडा दाखवला. "लिटरला तीन किलोमीटर वाढले, बघ. आणि अजून लीड बदलायच्या राहिल्यात."

लीड म्हणजे कॉइलपासून प्लगपर्यंतच्या जाड वायरी. कंपनी त्यात मुद्दाम कार्बनचा गाभा देते, करंटला थोडा अडथळा व्हावा म्हणून. "मुद्दाम अडथळा!" काका म्हणाले. "आपण पैसे मोजून अडथळा विकत घ्यायचा?" त्यांनी शुद्ध तांब्याच्या लीड टाकल्या. तो अडथळा रेडिओ आणि टीव्हीच्या सोयीसाठी असतो, हे त्या संध्याकाळी साऱ्या इमारतीला कळलं. काकांनी गाडी सुरू केली की दूरदर्शनच्या पडद्यावर पांढरे ठिपके नाचायचे आणि बातम्या देणाऱ्या बाईंच्या तोंडून खरखर यायची. काका किती वाजता निघाले, कोपऱ्यावर पोचले की नाही, भाजी विसरून परत फिरले का, हे आम्हांला घरबसल्या दिसायचं. रविवारच्या सिनेमाच्या वेळेत गाडी काढायची नाही असा ठराव सोसायटीच्या सभेत एकमतानं झाला, सूचक काकू.

काकूंचा या सगळ्याकडे बघण्याचा दृष्टिकोन निराळा आहे. काकांनी जास्त ताकदीची कॉइल आणली तेव्हा मी तिथेच चहा घेत बसलो होतो. काका खोकं दाखवत म्हणाले, "चाळीस हजार व्होल्ट! आधीच्या दुप्पट." काकू आतून म्हणाल्या, "अहो, गॅस पेटवायला लायटर कितीही भारी आणला, तरी दूध लवकर का तापतं?"

काकू इंजिनाचं शास्त्र शिकलेल्या नाहीत, पण याहून चांगलं उत्तर मी कुठल्या पुस्तकातही वाचलेलं नाही. कॉइलवर चाळीस हजार लिहिलं म्हणून प्लगला चाळीस हजार मिळत नाहीत. फट ओलांडायला जेवढा दाब लागतो तेवढा चढतो, ठिणगी पडते आणि दाब तिथेच कोसळतो. दहा-बारा हजारांत भागत असेल तर वरचे हजार खोक्यावरच राहतात. शिवाय ठिणगीतली ऊर्जा ती किती? एका जूलचे काही शतांश. तिनं पेटवलेल्या पेट्रोलमध्ये शेकडो जूल. मिश्रण एकदा पेटलं की पुढचं काम आगीचं. ठिणगी दणकट होती म्हणून पेट्रोल जास्त उत्साहानं जळत नाही.

आणि मुख्य म्हणजे, ठीकठाक इंजिनात पेट्रोल जवळजवळ सगळं जळतंच. न जळता बाहेर जातं ते दोन-चार टक्के. तेव्हा ठिणगी साक्षात इंद्राच्या वज्राची असली तरी तिला वाचवायला एवढंच शिल्लक असतं. पेट्रोलच्या ऊर्जेतला पाऊण हिस्सा खरोखर वाया जातो, पण तो जळून झाल्यावर, रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन. तिथे प्लगचं काही चालत नाही. मी हे सगळं काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वही पुढे केली. "मग हे तीन किलोमीटर कुठून आले?"

हा प्रश्न मात्र चोख आहे. किलोमीटर खरंच आले होते. वही खोटं बोलत नव्हती, काकाही नाही. त्याचा उलगडा व्हायला मला काकांच्या शेजारी बसून हडपसरपर्यंत जावं लागलं. नवी कॉइल बसली होती म्हणून निघण्यापूर्वी त्यांनी चारही टायरांत हवा भरून घेतली. एअर फिल्टर झटकला. डिकीतून दोन गोणी जुने स्पेअर पार्ट उतरवले. रस्त्याला लागल्यावर चौथा गिअर इतक्या लवकर टाकला की मी दचकलो. सिग्नल लांबून लाल दिसला की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढत होते, आणि सिग्नलला इंजिन बंद. मागचे हॉर्न वाजवत होते तरी काकांचा वेग पन्नासच्या वर गेला नाही. पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशनची मंडळी १९७८ पासून नेमकं हेच सगळं करा म्हणून कानीकपाळी ओरडताहेत. फुकटात कुणी ऐकत नाही. कॉइलला पैसे मोजले की माणूस ऐकतो. करंट सुधारला होता खरा, पण तो काकांच्या उजव्या पायातला.

त्यात मोजणीची गंमत वेगळी. ॲव्हरेज काढायची आपली पद्धत 'फुल टू फुल'. टाकी काठोकाठ भरायची, गाडी चालवायची, परत काठोकाठ भरायची. काठ म्हणजे कुठे, हे मात्र पंपावरच्या पोराच्या मनावर असतं. नोझल खट्‌ करून थांबलं तिथे, की मालकानं "अजून थोडं" म्हटल्यावर दोनदा दाबलं तिथे? पंपाच्या जमिनीला उतार असेल तर टाकीत अर्धा लिटर सहज इकडचा तिकडे होतो. दहा लिटरांच्या भरण्यात अर्धा लिटर म्हणजे पाच टक्के. बाजारातल्या निम्म्या यंत्रांचा चमत्कार या उतारावर उभा आहे. काका एकाच पंपावर, एकाच नोझलवर जातात हे मान्य. पण सुधारणा केल्यानंतरचा आकडा समाधानकारक आला नाही तर ते पुन्हा मोजतात आणि समाधानकारक आला तर मोजत नाहीत. ही पद्धत काकांनी शोधलेली नाही, तिच्यावर मोठमोठ्या कंपन्या चालतात.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, पेट्रोल वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून अधिक यंत्रं तपासली. ॲव्हरेजमध्ये लक्षात घेण्याजोगी वाढ करणारं एकही सापडलं नाही. स्प्लिटफायर नावाचे दुतोंडी प्लग निघाले होते, त्यांच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी चीर. इंधनबचतीच्या त्यांच्या जाहिरातींना १९९७ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं वेसण घातली. आपल्याकडे असली तपासणी करायची तर पुण्यातच वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, १९६६ पासून. तिथे गाडी रोलरवर उभी करतात आणि ड्रायव्हर समोरच्या पडद्यावर आखलेल्या रेषेबरहुकूम वेग ठेवतो. म्हणजे पाय असतो, पण त्या पायाला कसलीही आशा नसते. कॉइल जुनी असो की नवी, तो तेवढाच दाबला जातो. अशा ठिकाणी काकांचे तीन किलोमीटर टिकणार नाहीत हे मी त्यांना सुचवलं. ते म्हणाले, "टेकडीवर हवा विरळ असते."

ठिणगीवर काम करून काहीच साधत नाही, असं मात्र नाही. काळवंडलेला प्लग किंवा मिसिंग मारणारं सिलिंडर असेल तर पेट्रोल खरोखरच न जळता बाहेर जातं, आणि शंभर-दोनशे रुपयांचा नवा प्लग त्या वेळी कुठल्याही जादूपेक्षा भारी पडतो. इरिडियमचे बारीक टोकाचे प्लग जास्त टिकतात हेही खरं, त्यांची खरी कमाई टिकण्याचीच. बजाज ऑटोनं २००३ च्या पल्सरमध्ये एकाच सिलिंडरला दोन प्लग दिले. दोन्ही बाजूंनी आग लागली की ती लवकर पसरते, पातळ मिश्रणही नीट जळतं. पण ते जमलं ते इंजिनाचं डोकं, टायमिंग, सगळं त्या हिशेबानं नव्यानं आखल्यामुळे. त्या दोन प्लगांच्या पेटंटवरून २००७ मध्ये बजाज आणि टीव्हीएस मद्रास उच्च न्यायालयात गेले, तिथून भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. एवढ्याशा ठिणगीसाठी एवढं मोठं कोर्ट! काकांनी ती बातमी कापून वहीत चिकटवली आहे. शेऱ्यात लिहिलं आहे, 'मी आधीच म्हणत होतो.'

काकांची श्रद्धा फार व्यापक आहे. कॅनडातल्या विनिपेगच्या चार्ल्स पोगनं १९३० च्या दशकात कार्बोरेटरची पेटंटं घेतली आणि गाडी गॅलनला दोनशे मैल जाईल असं बोललं जाऊ लागलं, म्हणजे लिटरला सत्तरच्या वर. तेल कंपन्यांनी तो दाबला, असं काकांचं ठाम मत आहे. पेटंट मात्र कुणीही वाचू शकतो, मग आजवर एकालाही तो कार्बोरेटर करून दाखवता का आला नाही, असं विचारलं की काका नुसते हसतात, त्या हसण्यात माझ्या अज्ञानाविषयी करुणा असते. १९९६ साली तामिळनाडूतल्या रामर पिल्ले यांनी पाला घालून पाण्याचं पेट्रोल करण्याचा दावा केला, तेव्हा मात्र काकांनी त्यांना चटकन निकालात काढलं. "पाण्यावर? शक्यच नाही. मला केमिस्ट्री कळते." म्हणजे माणसाची चिकित्सा जागी असते, फक्त ती दुसऱ्याच्या शोधासाठी राखून ठेवलेली असते.

काकांच्या आयुष्यातला वाईट काळ मुलानं नवी गाडी घेतल्यावर आला. बॉनेट उघडलं तर वर प्लास्टिकचं झाकण. झाकणाखाली डेल्को नाही, लीड नाहीत, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल. टायमिंग कंप्युटर ठरवतो, नॉकिंगचा सेन्सर त्याला खबर देतो आणि तो पापणी लवायच्या आत ठिणगी मागेपुढे करतो. काका बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "यात आपण करायचं काय?" मुलगा म्हणाला, "बाबा, काहीच नाही करायचं." असं बोलणं बापाला लागतं.

२०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलनं शंभरी गाठली आणि बाजार पुन्हा मदतीला धावला. सिगरेट लायटरच्या भोकात खुपसायचा स्टॅबिलायझर, डॅशबोर्डाखालच्या सॉकेटला लावायची 'इकॉनॉमी'ची डबी. यातल्या डब्या उघडून बघणाऱ्यांना आत दिवे लुकलुकवायची सोय सापडली आहे, बाकी काही नाही. काकांनीही एक आणून लावली. मुलाची गाडी महिन्याला दोनशे किलोमीटर चालते. ॲव्हरेज चौदाचं. दहा टक्के वाढ खरीच झाली असं धरलं तरी वाचणार सव्वा-दीड लिटर. मी कागदावर मांडून दाखवलं, की प्लग आणि डबी मिळून साडेसहा हजार खर्च झालेत, तो भरून यायला चार वर्षं लागतील. काका म्हणाले, "चार वर्षं काय, बघता बघता जातात." निवृत्त माणसाशी हिशेब मांडू नये.

आणि मग पद्मिनीनंतर घेतलेल्या त्यांच्या जुन्या मारुती ८००ला सीएनजी किट बसवायचं ठरलं. किट बसवणारा मेस्त्री तरुण होता. त्यानं डेल्कोचं झाकण उघडलं, प्लग काढून बघितले आणि म्हणाला, "काका, गॅसला पेट्रोलपेक्षा जास्त करंट लागतो. प्लगचा गॅप कमी करतो. लीड नव्या टाकू, कॉइल पण चेक करून घेऊ. गॅस हळू जळतो, त्यामुळे टायमिंगही थोडं पुढे घ्यावं लागेल."

यातलं अक्षर न्‌ अक्षर खरं होतं. गॅस आणि हवेच्या मिश्रणातून ठिणगी जायला जास्त दाब लागतो, त्याची आग हळू पसरते, दुबळी कॉइल तिथे मार खाते. आयुष्यभर काका ज्या दुखण्यावर औषध देत आले ते दुखणं पहिल्यांदाच गाडीला झालं होतं. मला वाटलं, आता ते त्या पोराला मिठी मारतील. काकांनी चष्मा पुसला आणि त्याच्याकडे संशयानं बघत विचारलं, "कशावरून?"

मेस्त्री गोंधळला. काकांनी त्याला ऐकवलं, की कॉइलवर लिहिलेले व्होल्ट कधी प्लगला मिळत नसतात, ठिणगीत ऊर्जा असून असून किती असणार, आणि असल्या थापा मारून गॅरेजवाले म्हाताऱ्या माणसांना लुबाडतात. माझे सगळे मुद्दे, ओळीनं. इतकी वर्षं त्यांनी ते नीट ऐकून ठेवले होते. काकू शेवटी म्हणाल्या, "अहो, टाकू द्या त्याला काय टाकायचं ते." लीड पडल्या. गाडी उत्तम चालते. काका अजून म्हणतात, जुन्या लीडवरही चालली असती.

वहीचा मात्र घोळ झाला. लिटरच्या रकान्यात आता किलो आले. किलोला बावीस हे लिटरला सतराच्या तुलनेत किती चांगलं, हे रुपयांत मांडावं लागतं, आणि रुपयांत मांडलं की काकांना त्यात काही राम वाटत नाही. त्यातून पंपावरची रांग. परवा त्यांनी मला सोबतीला नेलं. रांग वळसा घालून पार चौकापर्यंत आलेली. काकांनी गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि पुढची रिक्षा सरकली की म्हणाले, "चल, लाव हात." ते खिडकीतून एका हातानं स्टिअरिंग धरून, मी डिकीला दोन्ही हात लावून, अशी ती गाडी आम्ही पंपापर्यंत नेली. काकू आत बसून शेंगा खात होत्या. नोझलजवळ पोचल्यावर पंपावरचा पोरगा ओरडला, "सगळे खाली उतरा!" काकू उतरल्या. आम्ही खालीच होतो.

घरी आल्यावर काकांनी वही काढून किलोमीटर आणि किलो लिहिले, भागाकार केला आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिलं, 'रांग मोठी. ढकलून नेली. ॲव्हरेज उत्कृष्ट.'